लोहाराची विद्या : भाता, ऐरण आणि पाणी

नांगराचा फाळ, विळा, कोयता, कुऱ्हाड, पहार, विहिरीवरच्या रहाटाची कडी आणि बैलगाडीच्या चाकावरील धाव या सर्व वस्तू दिसावयास साध्या आहेत. परंतु त्यांपैकी एकही वस्तू केवळ बळाने घडविता येत नाही. लोखंड केव्हा नरम असते, केव्हा कठीण होते आणि केव्हा काचेसारखे तडकते, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याच हातून ती घडते. ही जाण म्हणजेच लोहाराची विद्या होय. महाराष्ट्रातील गावगाड्यात बारा बलुतेदारांमध्ये लोहाराला मानाचे स्थान होते. भारताच्या इतर प्रांतांतही, नावे निराळी असली तरी, लोहारावाचून शेती चालत नसे.

ही विद्या तरुण कारागीर कोणत्या क्रमाने आत्मसात करतो, त्या प्रत्येक पायरीमागे निसर्गाचा कोणता नियम असतो, आणि तो नियम जाणून घेणे कारागिराच्या दृष्टीने का महत्त्वाचे आहे, हे पुढे सांगितले आहे.

अग्नीचा धडा

लोहाराच्या शाळेत नव्या शिकाऊ मुलाच्या हाती प्रथम हातोडा देत नाहीत. त्याला भात्यापाशी बसवितात. पाहणाऱ्याला हे काम कंटाळवाणे वाटते; पण अग्नी ओळखण्याचे शिक्षण येथेच होते. आता पुष्कळ ठिकाणी कातड्याच्या भात्याची जागा विजेच्या पंख्याने घेतली आहे, तरी धडा तोच आहे.

कोळसा जळतो तो हवेतील प्राणवायूमुळे. भात्याचा वारा जेथे आगटीत शिरतो तेथे प्राणवायू विपुल असतो. त्या जागी तापणारे लोखंडही जळू लागते आणि त्याच्या अंगावर काळी खपली धरते. थोडे वर, जेथे प्राणवायू कोळशाने जवळजवळ संपविलेला असतो, तेथे लोखंड उत्तम तापते व खपली कमी धरते. म्हणून कुशल लोहार विस्तवाचा थर खोल ठेवतो आणि लोखंड वाऱ्याच्या तोंडाशी न धरता निखाऱ्यांच्या मध्यावर ठेवतो. वारा किती व केव्हा द्यावयाचा, हे भात्यावर बसणाऱ्याने ठरवावयाचे असते. अधिक वारा दिला तर कोळसा वाया जातो व लोखंडही बिघडते.

याच वेळी शिकाऊ कारागीर रंग वाचावयास शिकतो. तापलेल्या लोखंडाचा रंग त्याच्या तापमानावर अवलंबून असतो. सुमारे ५५० अंश सेल्सिअसला अंधारात दिसेल इतपत मंद लाली येते. ७५० ते ८०० अंशांना ते डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल दिसते. ९५० अंशांच्या आसपास नारिंगी, १,१०० अंशांच्या पुढे पिवळे आणि १,३०० अंशांच्या सुमारास पांढरे दिसू लागते. पांढऱ्या तावावर जर लोखंडातून ठिणग्या उडू लागल्या, तर ते जळत आहे असे समजावे. एकदा जळलेले पोलाद कितीही ठोकले तरी पूर्ववत होत नाही. शुद्ध लोखंड १,५३८ अंशांना वितळते. कर्ब मिसळलेले लोखंड त्याहून कमी तापमानाला वितळते. म्हणून ज्या तावाला नरम लोखंड सुरक्षित राहते, त्याच तावाला कर्बयुक्त पोलाद नासते.

लोहाराची पडवी अंधारी का असते, याचे उत्तरही यातच आहे. भर उन्हात डाळिंबी लाल रंग डोळ्यांना दिसतच नाही. उन्हात काम करणारा लोखंड गरजेपेक्षा अधिक तापवून बसतो. अंधुक उजेडाची जागा हे लोहाराचे तापमापक यंत्रच म्हणावे लागेल.

ऐरणीवरचा धडा

अग्नी ओळखता आला की शिकाऊ कारागीर ऐरणीपाशी येतो. प्रथम तो घण चालवितो. उस्ताद डाव्या हातात सांडशीने तापलेले लोखंड धरतो आणि उजव्या हातातील लहान हातोड्याने, घाव कोठे हवा ते दाखवितो. शिकाऊ त्या जागी घण मारतो. उस्तादाने हातोडा मोकळ्या ऐरणीवर टेकवून वाजविला की थांबावयाचे. या साऱ्या कामात शब्द फारच थोडे असतात. बैलगाडीतच संसार थाटून गावोगाव फिरणाऱ्या राजस्थानातील गाडिया लोहारांच्या कुटुंबांत स्त्रियाही घण चालवितात.

लोखंड तापले की नरम होते, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याचे कारण असे की, घन लोखंडात अणू ठरावीक रचनेने एकमेकांशेजारी बसलेले असतात. उष्णतेने त्यांची हालचाल वाढते आणि अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकू लागतात. शिवाय ९१२ अंशांना शुद्ध लोखंडातील अणूंची मांडणीच बदलते आणि ते अधिक दाट रचनेत बसतात. कर्ब मिसळलेल्या पोलादात हा बदल त्याहून कमी तापमानाला होतो. या रचनेचे महत्त्व पुढे पाण्याच्या धड्यात कळून येईल.

ऐरणीवरची कामे मोजकीच आहेत : ठोकून लांबविणे, उभे ठोकून जाड करणे, वाकविणे, भोक पाडणे, छिन्नीने तोडणे आणि दोन तुकडे एकजीव करणे. जगातील सर्व घडीव वस्तू या सहा कामांच्या मिश्रणातून तयार होतात. या कामांत एक साधा नियम सांभाळावा लागतो, तो असा की, ठोकल्याने लोखंडाचा आकार बदलतो, घनफळ बदलत नाही. १२ मिलिमीटर चौरस जाडीची आणि १०० मिलिमीटर लांबीची कांब ठोकून ६ मिलिमीटर चौरस केली, तर तिच्या छेदाचे क्षेत्रफळ चौथाई होते. म्हणून लांबी चौपट, म्हणजे ४०० मिलिमीटर होते. हे गणित ज्याला येते तो विळ्यासाठी किती लांबीचा तुकडा तोडावा हे आधीच सांगू शकतो आणि त्याचे लोखंड वाया जात नाही.

गोल कांबेला टोक काढावयाचे असेल तर ती प्रथम चौकोनी करतात, मग अष्टकोनी आणि शेवटी गोल. गोल कांब फिरवीत फिरवीत ठोकली तर घावांचा ताण मध्यावर येऊन ती आतून फाटते. शिकाऊ मुलाला हे प्रथम पटत नाही. पण एकदा टोक फाटलेले पाहिले की तो ही गोष्ट जन्मभर विसरत नाही. खिळा, आकडा, कडी आणि मग स्वतःची सांडशी या क्रमाने त्याचे हात तयार होतात. सांडशीचे दोन्ही पाय सारख्या मापाचे उतरले की तो कारागीर होऊ लागला असे समजतात.

बैलगाडीच्या चाकावर धाव चढविण्याचे काम लोहार व सुतार मिळून करतात. लोखंडी धाव चाकाच्या परीघापेक्षा किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या विस्तवात तापवितात आणि ती प्रसरण पावली की चाकावर बसवून पाणी ओततात. ४ मीटर परीघाची धाव ५०० अंशांनी तापविली तर तिचा परीघ सुमारे अडीच सेंटिमीटर वाढतो. निवताना ती तितकीच आकसते आणि लाकडी पाटे व आरे आवळून धरते. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील प्रसरणाचा नियम येथे प्रत्यक्ष राबविलेला दिसतो.

पाण्याचा धडा

लोहाराच्या विद्येतील सर्वांत नाजूक भाग म्हणजे हत्याराला पाणी देणे. मराठीत तेजस्वी माणसाला ‘पाणीदार’ म्हणतात आणि एखाद्याची योग्यता पारखण्यास ‘पाणी जोखणे’ म्हणतात. हत्याराच्या संदर्भात हा शब्द शब्दशः खरा आहे.

लोखंडाचे गुण त्यातील कर्बाच्या प्रमाणावर अवलंबून असतात. घडीव लोखंडात कर्ब नाममात्र असतो. बांधकामातील नरम पोलादात तो सुमारे ०.२ टक्के असतो. धारेच्या हत्यारांच्या पोलादात ०.६ ते १ टक्का आणि काही वेळा त्याहून थोडा अधिक असतो. २ टक्क्यांच्या वर गेल्यास ते बीड होते. बीड ओतता येते, पण घणाखाली फुटते. पोलाद व लोखंड यांतील हा भेद कर्बामुळे आहे, हे १७८६ साली व्हांदरमाँद, बेर्तोले आणि माँज या फ्रेंच शास्त्रज्ञांनी स्पष्ट केले. त्यापूर्वी हजारो वर्षे लोहार कर्बाचे नावही न जाणता त्याचा उपयोग करीत होते.

पोलाद डाळिंबी लाल झाले की त्यातील अणूंची मांडणी बदलते आणि त्या नव्या मांडणीत कर्बाचे अणू सहज सामावतात. ते सावकाश निवले तर कर्ब बाहेर पडून वेगळा होतो आणि पोलाद नरम राहते. परंतु ते एकदम पाण्यात बुडविले तर कर्बाला बाहेर पडण्यास अवधीच मिळत नाही. तो आत अडकून बसतो, अणूंची रचना ताणली जाते आणि थरांना एकमेकांवरून सरकणे अवघड होते. पोलाद अतिशय कठीण होते ते यामुळेच. या रचनेला जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून ‘मार्टेन्साइट’ असे नाव मिळाले आहे.

पण हे कठीणपण ठिसूळही असते. नुसते पाणी दिलेला कोयता पहिल्याच घावाला तुटेल. म्हणून त्याला पुन्हा थोडे तापवून ताण कमी करावा लागतो. गावचा लोहार हे काम एकाच तावात साधतो. तो छिन्नी लाल करून तिचे फक्त टोक पाण्यात बुडवितो आणि लगेच बाहेर काढून दगडावर घासून चकचकीत करतो. मागील भागात शिल्लक असलेली उष्णता हळूहळू टोकाकडे सरकते आणि घासलेल्या पृष्ठभागावर रंगांची मालिका उमटू लागते. सुमारे २२० ते २३० अंशांना फिकट पिवळा, २५५ ते २६० अंशांना तपकिरी, २७० ते २८० अंशांना जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा रंग येतो. हवा असलेला रंग धारेपर्यंत पोहोचला की ती पुन्हा पाण्यात बुडवितात. वस्तऱ्याला फिकट पिवळा, छिन्नी व कुऱ्हाडीला जांभळा आणि कमानीला निळा रंग योग्य समजतात.

हे रंग तापलेल्या लोखंडाच्या प्रकाशाचे नव्हेत. घासलेल्या पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो; पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या थेंबात जसे रंग दिसतात, तसेच या पापुद्र्याच्या जाडीप्रमाणे रंग दिसतात.

शाळेतील प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली हा गुण तपासता येतो. शिवणकामाच्या तीन सुया घ्याव्यात. पहिली पकडीत धरून लाल होईपर्यंत तापवावी व हवेत सावकाश निवू द्यावी. ती तारेसारखी वाकेल. दुसरी लाल करून झटकन पाण्यात बुडवावी. वाकवू जाता ती कट्‌कन मोडेल. तिसरी लाल करून पाण्यात बुडवावी, काचकागदाने घासावी व ज्योतीपासून दूर धरून निळा रंग येईपर्यंतच तापवावी. ती काहीशी वाकून पुन्हा सरळ होईल. सुई मोडताना तुकडा उडण्याचा संभव असल्यामुळे डोळ्यांवर चष्मा असणे आवश्यक आहे.

पोलाद पाणी देण्याजोगे तापले की नाही हे ठरविण्यास आणखी एक साधन आहे. सुमारे ७७० अंशांपर्यंत पोहोचलेले लोखंड लोहचुंबकाला चिकटत नाही. दोरीला टांगलेला चुंबक आगटीजवळ ठेवला, तर नवशिक्याचा डोळा तयार होईपर्यंत तो चांगली सोबत करतो. याहून फार अधिक तापविल्यास पोलादातील कण मोठे होतात. असे हत्यार मोडले तर मोडलेला भाग खडेमिठासारखा खरखरीत दिसतो. योग्य तावाचे पोलाद मोडले तर तो भाग राखी व रेशमासारखा बारीक दिसतो.

तांबटाचा वेगळा मार्ग

सर्वच धातू लोखंडासारखे वागत नाहीत. पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेरे आणि पुण्यातील तांबट आळीतील कारागीर तांब्या-पितळेची भांडी घडवितात. जंडियाला गुरूच्या ठठेऱ्यांच्या कलेचा समावेश युनेस्कोने २०१४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. तांबट तांब्याचा पत्रा थंडच ठोकतो. ठोकता ठोकता पत्रा कठीण होत जातो. तसाच ठोकीत राहिल्यास तो चिरतो. म्हणून मधून मधून तो तापवून मऊ करतात. येथे मौजेची गोष्ट अशी की, लाल झालेले तांबे पाण्यात बुडविले तरी मऊच राहते. पोलादात अडकून बसणारा कर्ब तांब्यात नसतो. लोहाराकडून तांबटाकडे शिकावयास गेलेल्या तरुणाला ही एक गोष्ट विसरावी लागते व दुसरी नव्याने शिकावी लागते.

हरवलेली विद्या

भारतातील लोहविद्येचा वारसा मोठा आहे. दिल्लीत कुतुबमिनाराजवळ उभा असलेला लोहस्तंभ इसवी सन ४०० च्या सुमाराचा आहे. त्याची उंची सुमारे ७ मीटर आणि वजन ६ टनांहून अधिक आहे. लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून, एकमेकांत एकजीव करून तो घडविला आहे. त्यातील लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण आजच्या पोलादापेक्षा बरेच अधिक असून, त्यामुळे पृष्ठभागावर तयार झालेल्या संरक्षक थराने तो गंजापासून बचावला आहे.

दक्षिण भारतात मुशीत तयार होणारे पोलाद त्याहूनही विख्यात होते. युरोपात त्याला ‘वुट्झ’ म्हणत. तमिळनाडूतील कोडुमणल आणि तेलंगणातील कोनासमुद्रम ही त्याची प्रसिद्ध केंद्रे होत. लोखंडाचे तुकडे व लाकूड-पाल्यासारखे कर्बयुक्त पदार्थ मातीच्या मुशीत बंद करून ते दीर्घकाळ तापवीत. अशा पोलादात दीड टक्क्याच्या आसपास कर्ब असे. त्यापासून घडविलेल्या तलवारींच्या पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी या पोलादाविषयीचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. लोहाराचा पुत्र असलेल्या मायकेल फॅराडे यांनीही १८१९ च्या सुमारास त्याचे पृथक्करण केले व त्याच्या गुणांचे कारण ॲल्युमिनियम असावे असा तर्क केला. तो पुढे चुकीचा ठरला.

एकोणिसाव्या शतकात हा उद्योग बुडाला. कारखान्यांतील स्वस्त पोलाद बाजारात आले, कोळशासाठी लाकूड मिळेनासे झाले आणि हत्यारांची मागणी घटली. मध्य भारतातील अगरिया लोकांच्या लहान मातीच्या भट्ट्यांचीही पुढे हीच गत झाली. त्यांचे वर्णन व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ सालच्या आपल्या ग्रंथात करून ठेवले आहे. वुट्झची मूस भरणारे हात थांबले आणि त्यांच्याबरोबर विद्याही गेली. खनिज कोठले घ्यावे, ताव किती द्यावा, पाते ठोकताना किती तापवावे, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. पण ते बापाकडून मुलाकडे हातोहात जात असे. ती साखळी एका पिढीत तुटली व पुढील दीडशे वर्षे जगातील शास्त्रज्ञ कोडे सोडवीत बसले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन आणि पाती घडविणारे लोहार अल्फ्रेड पेंड्रे यांनी एकत्र काम करून तशी नक्षी पुन्हा उमटविली. १९९८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने दाखविले की, पोलादातील व्हॅनेडियमसारख्या धातूचा अत्यल्प अंश, एका टक्क्याच्या शतांशाहूनही कमी, या नक्षीस कारणीभूत असतो. विशिष्ट खाणीच्या खनिजातून हा अंश आपोआप येत असे. या शोधात एकट्या शास्त्रज्ञाला लोहाराचा हात नव्हता आणि एकट्या लोहाराला पृथक्करणाचे साधन नव्हते. दोघे एकत्र आले तेव्हा कोडे सुटले.

आजचा शिकाऊ कारागीर

आजच्या तरुण लोहारापुढील अडचण वेगळी आहे. त्याला खनिज गाळावे लागत नाही. भंगारात पोलाद मुबलक मिळते. पण ते कोणते पोलाद आहे हे कोणी सांगत नाही. मालमोटारीच्या कमानीच्या पाट्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक कर्ब असतो व त्याचा उत्तम कोयता होतो. त्याच्याच शेजारी पडलेल्या बांधकामाच्या नरम पट्टीला कितीही पाणी दिले तरी धार टिकत नाही. भंगार घासणीच्या चाकावर टेकवून ठिणग्या पाहिल्या तर बराच उलगडा होतो. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब व सरळ जातात. कर्ब अधिक असेल तर त्या मध्येच फुटून त्यांना फांद्या फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड व मंद लाल असतात. कमानीचे पोलाद पाण्याऐवजी तेलात बुडविणे इष्ट, कारण तेलात ते जरा सावकाश निवते व चिरा पडण्याचा धोका कमी होतो.

शिकण्याच्या वाटाही आता एकापेक्षा अधिक आहेत. घरच्या भात्याखेरीज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जोडारीचा दोन वर्षांचा व वेल्डिंगचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. तेथे मोजमाप, नकाशावाचन व कानसकाम पद्धतशीर शिकवितात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांतील उमेदवारीस रीतसर रूप दिले. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकामाचा समावेश असून, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य अशी तरतूद तीत आहे. छत्तीसगडमधील कोंडागाव परिसरातील कारागिरांनी भंगार लोखंडातून दिवे व आकृत्या घडवून बाजारपेठ मिळविली आहे. शेतीची अवजारे कारखान्यात होऊ लागली तरी हाताच्या घडाईला जागा उरते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

सुरक्षिततेचे नियम प्रारंभीच अंगी बाणविले पाहिजेत. डोळ्यांवर चष्मा, अंगात सुती कपडे आणि पायांत बंद जोडे असावेत. कृत्रिम धाग्याचे कापड वितळून त्वचेला चिकटते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वा नळी आगटीत घालू नये. जस्ताच्या धुराने ताप व थंडी भरते. आगटीचा धूर बाहेर जाण्यास वाट असावी. लाल लोखंडापेक्षा काळे लोखंड अधिक फसवे असते : ४०० अंशांना ते थंड लोखंडासारखेच काळे दिसते. म्हणून ऐरणीजवळ पडलेला कोणताही तुकडा तापलेलाच आहे असे समजून सांडशीनेच उचलावा.

या सर्व साहित्यात एका वस्तूची भर घालावयास हवी, ती म्हणजे वही. कोणते पोलाद घेतले, ते कोठून आले, कोणत्या रंगाला पाण्यात वा तेलात बुडविले, कोणत्या रंगाला थांबविले आणि हत्यार किती दिवस टिकले, एवढ्या पाच गोष्टी शिकाऊ कारागिराने प्रत्येक कामानंतर लिहून ठेवाव्यात. दहा कोयते झाले की त्याला स्वतःच्या चुका दिसू लागतील. शंभर झाले की त्याच्या वहीत असे ज्ञान साठलेले असेल, जे दुसऱ्याला देता येईल. कोनासमुद्रमच्या भट्ट्यांवर काम करणाऱ्या उस्तादांच्या अशा वह्या उरल्या असत्या, तर त्यांची विद्या त्यांच्याबरोबर गेली नसती.